लेकीच्या खोलीची कडी

मी एक जुनी कडी आहे, मित्रांनो. दाराला आतून लावतात ती. पितळेची, करंगळीएवढी जाड, आणि सरकवताना बोटांत धरायला एक गोल बोंड असलेली. बाहेरच्या कडीचा थाट मोठा असतो. तिला कुलूप मिळते, किल्ली मिळते, आणि घराबाहेर पडलेला माणूस अर्ध्या वाटेवरून तिच्यासाठी परत येतो. आतल्या कडीची अशी आठवण कोण काढतो? माझे काम एकच. आतल्या माणसाने सरकवले की सरकायचे, आणि बाहेरच्याने ढकलले तरी हलायचे नाही. असे काम करणारी वस्तू स्वभावाने काळजीखोरच होते. आत कोण काय पुटपुटते आणि बाहेर कोण श्वास रोखून उभे आहे, हे दोन्ही मला ऐकू येते. सांगता मात्र कोणालाच येत नाही.

माझा जन्म एका ओतकाम करणाऱ्याच्या भट्टीत झाला. गळके नळ, वाकलेल्या मुठी, कोणाच्या तरी जुन्या दिव्याचा पाया, असे सगळे वितळवून मला ओतले. तेव्हा घराणे विचाराल तर मी बारा गावचे पाणी प्यायलेली. माझ्याबरोबरच माझा कोयंडा तयार झाला. कोयंडा म्हणजे चौकटीवर बसवलेले ते कडे, ज्यात मी शिरते. तो नसेल तर मी नुसती पितळेची कांडी. आम्हा दोघांना एकाच कागदात गुंडाळून दुकानाच्या फळीवर ठेवले, आणि तिथून एका बस चालवणाऱ्या माणसाने आम्हाला घरी नेले.

घर तिसऱ्या मजल्यावरचे. बाबा बस चालवत, आई बेकरीत पाव बांधण्याचे काम करी, आणि त्यांना एकच लेक. ती तेव्हा शाळेत होती आणि तिने हट्ट धरला होता.

"मला माझ्या खोलीला आतून कडी हवी."

"कडी कशाला? कुठला खजिना पुरून ठेवणार आहेस?" आई म्हणाली.

"असू दे गं," बाबा म्हणाले. "वाढतं वय आहे. तिला वाटतं आपलंही एक दार असावं."

बाबांनी सुट्टीच्या दिवशी मला बसवले. पेन्सिलीने खुणा केल्या, लांब स्क्रू घेतले, पुन्हापुन्हा मागे सरकून मी सरळ बसले की नाही ते पाहिले. पहिल्या दिवशी लेकीने मला इतक्या वेळा पुढेमागे केले की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं, झिजेल ती!" मग लेकीने आईची गुलाबी नखपॉलिश आणून माझ्या बोंडावर एक ठिपका दिला. "ही माझी खूण," ती म्हणाली. मी मनातून फुलून गेले.

ते दिवस चांगले होते. लेक आत गाणी म्हणायची, आरशासमोर भाषणे करायची, आणि हाक आली की "आले गं!" म्हणत मला खाडकन सरकवायची. पुढे ती चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. तिने घरी बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच आणला आणि शेजारपाजारच्या सगळ्या ढिल्या चष्म्यांच्या दांड्या घट्ट करून दिल्या. पाहुणे आले की माझ्यावरही एखादा हात फिरे. "जुन्या घडणीची दिसते हं," असे कोणी म्हणाले की पुढे आठवडाभर मी कोयंड्याला तेच ऐकवत बसे.

मग हळूहळू माझ्यावरचा हात बदलला. मित्रांनो, चेहऱ्यापेक्षा मला हात आधी कळतात. लेकीचा हात गार पडू लागला. ती मला लावायची, पलंगापर्यंत जायची, आणि मी खरंच लागले आहे का ते पाहायला परत यायची. पुन्हा जायची, पुन्हा यायची. गाणी थांबली. दुकानात जाणे थांबले. जेवणाचे ताट दाराबाहेर ठेवलेले तसेच निवून जाई. आत ती हलक्या आवाजात स्वतःलाच रागे भरत असे, आणि बाहेर आई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी असे. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात. आईचे मन काय काय चिंतत होते, ते दाराला टेकलेल्या तिच्या कपाळातून मला कळत होते.

एका दुपारी आईने हाक मारली आणि आतून उत्तर आले नाही. पुन्हा मारली. मग बाबा आले. त्यांनी दार ठोठावले, मग ढकलले, मग खांदा लावला. मी हलले नाही. त्यांनीच तर लांब स्क्रू लावले होते. जिन्यात शेजारी जमले. आईच्या हाका ऐकवत नव्हत्या. शेवटी आतून एक हात आला आणि त्याने मला मागे ओढले. त्या हातात कागद उचलण्याएवढीही ताकद नव्हती. पण दार उघडले. लेक जिवंत होती, आणि तिला त्याच दुपारी दवाखान्यात नेले.

संध्याकाळी बाबा एकटे घरी आले. त्यांना स्क्रूड्रायव्हर सापडेना, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि मला उपसून काढले. एवढी मोठी बस वळवणारे हात, पण सुरी चारचारदा निसटली. मी जिच्यावर सरकते त्या माझ्या पट्टीवर तेव्हा पडलेला ओरखडा अजून आहे. कोयंडा काढायचे त्यांना सुचलेच नाही. तो चौकटीवर तसाच राहिला, तोंड उघडे ठेवून. दोष द्यायला कोणीतरी लागते. त्या घरात कोणी एकमेकांना बोल लावला नाही, तेव्हा सगळा राग माझ्यावर निघाला. बाबांनी खिडकी उघडली. तेवढ्यात आई कपडे न्यायला घरी आली आणि तिने त्यांचे मनगट धरले.

"फेकू नका."

"ठेवून काय करायचंय?"

"ते मला माहीत नाही. पण फेकू नका."

तिने मला आपल्या पर्समध्ये टाकले, आणि माझा वनवास सुरू झाला.

पर्समध्ये सुटी नाणी, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि मी. बसथांब्यावर, बेकरीच्या रांगेत, डॉक्टरांच्या बाकावर आईचा हात आत यायचा आणि अंगठा माझ्या गुलाबी ठिपक्यावर फिरत राहायचा. ठिपका झिजू लागला. लेक घरी आली. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले होते, पण घरात ते कोणी मोठ्याने घेतले नाही. घरी आल्यावर लेकीने दाराकडे पाहिले आणि विचारले, "माझी कडी कुठेय?"

"हरवली गं," आई म्हणाली. "काढताना कुठेतरी पडली."

स्वयंपाकघरातल्या खुंटीवर टांगलेल्या पर्समध्ये मी ते ऐकले. आईला खोटे बोलायची सवय नव्हती. तिने लगेच भांडी घासायला घेतली, आणि ती आधीच घासलेली होती.

त्यानंतर त्या घरात एक नवी रीत पडली. लेक खोलीत गेली, न्हाणीघरात गेली, नुसती खिडकीशी उभी राहिली, तरी आई हाक मारायची, "आहेस ना?" आणि लेकीने उत्तर द्यायचे, "आहे." पुन्हा थोड्या वेळाने, "आहेस ना?" "आहे." दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करावा तशी घाई त्या हाकेत असे. एकदा लेकीचे उत्तर आले नाही. आईच्या हातातली काचेची बरणी खाली पडून फुटली, आणि तशीच काचांवरून धावत जाऊन तिने दार ढकलले. लेक तोंडात फेस घेऊन उभी होती.

"आई, दात तरी घासू दे गं!"

हसण्यासारखेच होते. पण आईच्या तळपायातून रक्त येत होते आणि लेकीचे डोळे भरले होते, तेव्हा कोणी हसले नाही.

दवाखान्यातल्या परिचारिकेने आईला एक जागा सांगितली होती. वाचनालयाच्या मागची खोली. बुधवारी तिथे घरची माणसे जमतात, म्हणजे ज्यांच्या घरात कोणाला मनाचा आजार आहे अशी. शनिवारी जमतात ती स्वतः आजारातून जाणारी. आई दोन बुधवार दारापर्यंत जाऊन परत फिरली. तिसऱ्या वेळी दारात एक बाई उभ्या होत्या, आखूड केसांच्या, पायात खेळाचे बूट. त्या शाळेत कवायत शिकवत, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत.

"आत या," त्या म्हणाल्या. "बोललंच पाहिजे असं नाही. चहा पिऊन गेलात तरी चालेल. मी स्वतः दोनदा दवाखान्यात राहून आलेय, त्यामुळे मला घाबरायचं असेल तर आत्ताच घाबरून घ्या."

आई आत गेली. खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. नियम साधे होते. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. ज्याचे त्याला विचारल्याशिवाय इथले बोलणे बाहेर न्यायचे नाही. आईची पाळी आली. तिने रुमालासाठी पर्स उघडली, आणि मी ठण्णकन फरशीवर पडले.

शेजारी छत्र्या दुरुस्त करणारे एक काका बसले होते. त्यांनी मला उचलले, उलटसुलट पाहिले, आणि माझ्या पट्टीवरचा ओरखडा पाहून त्यांना काय कळायचे ते कळले.

"सुरीनं काढली?" त्यांनी विचारले.

आईने मान हलवली.

"आम्ही हातोडीनं काढली. माझ्या भावाच्या खोलीची. चौकटीचा तुकडाच निघाला."

"आमच्याकडे सगळ्या सुऱ्या कुलपात आहेत," एक आजी म्हणाल्या. "भाजी चिरायची तर आधी किल्ली शोधा. परवा किल्लीच सापडेना, तर दोन दिवस अख्खे बटाटे उकडून खाल्ले."

खोलीत हसू फुटले. आईही हसली, आणि हसता हसता तिला असे रडू आले की शिट्टीबाईंनी चहाचा कप तिच्या हातातून काढून घेतला. कितीतरी महिन्यांत तिला पहिल्यांदा कोणाला काही समजावून सांगावे लागले नव्हते. मग ती बोलली. बोलताना मला दोन्ही हातांत धरून बसली होती. तेव्हापासून त्या खोलीत नवा नियम झाला, की ज्याच्या हातात कडी त्याने बोलायचे, आणि ती हातात असेपर्यंत दुसऱ्या कोणी तोंड उघडायचे नाही.

"ही इथेच राहू द्यायची का?" शिट्टीबाईंनी निघताना विचारले. "पर्समध्ये दिवसभर चाचपत बसण्यापेक्षा बरं."

आईने मला तिथल्या कपाटात ठेवले. तिला हलके वाटले असावे. आणि खरे सांगायचे तर, घरात मी लेकीला सापडेन ही भीतीही तिला होतीच.

मित्रांनो, मी आता हातांविषयी पुष्कळ जाणते. घाम सुटलेले हात, नखे कुरतडलेले हात, बोलता बोलता मला पिळून काढणारे हात. एका बुधवारी कोणी मला इतके घट्ट धरायचा की वाटे आता मी वाकते, आणि पुढच्या बुधवारी तोच हात मला सैल धरायचा. कोणाचा आजार तिथे बरा होत नव्हता. पण घरी जाताना माणसे जिन्यावर थांबून एकमेकांना विचारत, "जेवलात का? झोप लागते का?" आजवर हे प्रश्न सगळ्यांनी त्यांच्या आजारी माणसाविषयी विचारले होते. त्यांना स्वतःला कोणी विचारले नव्हते.

आईच्या सांगण्यावरून लेक शनिवारी येऊ लागली. कपाटाच्या फटीतून मला तिचा आवाज यायचा आणि माझा जीव टांगणीला लागायचा. सुरुवातीला ती फक्त "मी ठीक" म्हणायची. पुढे वाक्ये लांबली. औषधाने येणारी सुस्ती, दुकानात परत जायची भीती, सगळे ती सांगू लागली. एका शनिवारी तिने चष्म्याच्या दुकानात पुन्हा अर्धा दिवस जायला लागल्याचे सांगितले. मी कपाटात एकटीच खूष झाले. घरी ती आईला विचारू लागली होती, "नवी कडी आणूया का?" हे मला आईकडून बुधवारी कळायचे. "मी 'आणू, आणू' म्हणते," आई सांगायची. "आज आणू, उद्या आणू. तिला वाटतं दुकानं बंद असतात. पण कसं आणू? माझी हिंमतच होत नाही."

कोणी सल्ला दिला नाही, कारण तिने मागितला नव्हता. नुसती म्हणाली होती, कसं आणू.

शनिवारच्या लोकांकडे कडीऐवजी हातात धरून बोलायला एक चेंडू होता, शिट्टीबाईंच्या शाळेतला. त्या गोलात एक तरुण होता. तो आपली पाळी आली की चेंडू मांडीवर घेऊन गप्प बसायचा आणि पुढे द्यायचा. सगळे त्याला प्रेमाने गप्पू म्हणत. एकदा त्याच्या हातातून चेंडू निसटला आणि टप्पे खात खिडकीतून थेट रस्त्यावर गेला. गप्पू ओशाळला. आपणच काहीतरी शोधून द्यावे म्हणून त्याने कपाट उघडले, चाचपले, आणि त्याच्या हाती लागले मी.

शिट्टीबाई कोपऱ्यात किटलीत पाणी भरत होत्या. त्या वळल्या तोवर मी गोलात फिरू लागले होते. त्यांचा चेहरा उतरला. मी कोणाची हे त्यांना माहीत होते, पण बुधवारचे शनिवारी न्यायचे नाही हा नियम त्यांचाच, आणि वस्तू दुसऱ्याच्या हातात असताना बोलायचे नाही हाही त्यांचाच. किटली भरून वाहत होती आणि त्या तशाच उभ्या. मी एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात होते. मला थांबता येत नव्हते, मित्रांनो. आयुष्यभर अडवायचे काम केलेली मी, आणि नेमके तेव्हा मला काही अडवता येईना.

मी लेकीच्या हातात आले. तिने मला सहज घेतले. मग तिचा अंगठा बोंडावर गेला, आणि थांबला. ठिपका झिजून तांदळाच्या कणीएवढा उरला होता. तेवढा तिला पुरला.

"ही माझी कडी आहे," ती म्हणाली. "माझ्या खोलीची. हा ठिपका मी दिलाय." तिने मला मुठीत आवळले. "आई म्हणाली, हरवली. मला खरं वाटलं. रोज 'आहेस ना, आहेस ना' करते. मी आहे म्हणून सांगते, पण तिला ते खरं वाटतच नाही. मी पुन्हा तसं काही करीन असंच तिला वाटतं. मग मलाही वाटायला लागतं, की करीन की काय. कपडे बदलताना मी दाराला पाठ लावून उभी राहते. इतक्या वयाची मी. एवढीशी कडी, आणि तीसुद्धा माझ्यापासून लपवावी लागली."

तिचा हात गार पडत चालला होता. तोच जुना गारठा. मला धडकी भरली. बोलायचा हक्क तिच्याकडे होता आणि ती बोलत नव्हती. तेव्हा गप्पूने हात पुढे केला. आजवर त्याने कधी काही मागितले नव्हते. लेकीने मला त्याच्या हातावर ठेवले.

"आमच्याकडे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कसा आहे हे त्या खोलीला पहिल्यांदाच कळले, "आमच्याकडे अख्खं दारच काढलंय. पडदा आहे. फुलाफुलांचा."

मग कोणीतरी फसकन हसले. गप्पूही हसला, आणि लेक रडता रडता हसली.

"पण आईनं दार मोडीत नाही दिलं," गप्पू पुढे म्हणाला. "माझ्या कॉटखाली ठेवलंय. मी पाहिलंय. कधी कधी वाकून बघतो, आहे ना म्हणून."

एवढे बोलून त्याने मला परत लेकीकडे दिले. ती माझ्याकडे बघत राहिली. "आईनं फेकली नाही," ती हळूच म्हणाली. कोणाला उद्देशून, ते मला कळले नाही.

त्या दिवशी शिट्टीबाईंनी तिची माफी मागितली आणि म्हणाल्या, "वस्तू तुझी आहे. घेऊन जा." लेकीने मला मुठीत धरून घरी नेले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. लेकीने मला घड्यांच्या ढिगावर ठेवले. आईच्या हातातला टॉवेल तिथेच गळून पडला.

"सापडली," लेक म्हणाली.

बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले, पुन्हा बसले.

"मी खोटं बोलले," आई म्हणाली. "मी भिते गं. तू झोपलीस तरी भिते, हसलीस तरी भिते. तू एवढी हसतेस म्हणजे काही लपवत तर नाहीस ना, असं वाटतं. ही कडी लावली आणि तू हाकेला ओ दिली नाहीस तर? मला तो आवाज अजून ऐकू येतो, यांच्या खांद्याचा, दारावरचा."

"मलापण येतो," लेक म्हणाली. "मी आतल्या बाजूला होते."

हे त्या घरात आजवर कोणी बोलले नव्हते. मग लेकीने आईच्या पायाशी बसून सांगितले, की तिला लगेच काही नको. आधी डॉक्टरांना विचारू. ते हो म्हणाले तरच. "आणि बाबा, कोयंड्याचे लांब स्क्रू काढून छोटे लावा. बाहेरून जोरात धक्का दिला तर निघाला पाहिजे. तशी वेळ येईल असं मला आत्ता वाटत नाही. पण लावा. आमच्याकडे शनिवारी एकीनं तसंच केलंय."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो पुसूनच होईना.

डॉक्टरांनी लेकीशी एकटीशी बरेच बोलून मग होकार दिला. बाबांनी मला बसवायला घेतले तर लेक आपला बारीक संच घेऊन आली. "बाजूला व्हा, मी लावते."

"चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरनं दार? मग मी बस काडेपेटीतल्या काडीनं सुरू करतो," बाबा म्हणाले आणि आपला मोठा स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. या वेळी तो आधीच शोधून, खिशात घालून ठेवला होता. लेकीने मला बसवले. कोयंड्याचे लांब स्क्रू निघाले, छोटे बसले. आम्ही दोघे किती दिवसांनी समोरासमोर आलो, ते काय सांगू! त्याच्या तोंडात धूळ साचली होती.

मग करार ठरला. कडी लावलेली असताना आईने हाक मारायची नाही. लेकीने अधूनमधून माझे बोंड पट्टीवर आपटायचे. टक. म्हणजे "आहे". ही युक्ती छत्रीवाल्या काकांची. त्यांचा भाऊ पेल्यावर चमचा वाजवतो. आईने बुधवारी या वेळी चक्क सल्ला मागितला होता.

पहिल्या दिवशी लेकीने मला सरकवले. टक. बाहेर आई. थोड्या वेळाने पुन्हा टक. आईने श्वास सोडला. मग बराच वेळ काहीच नाही. लेक कपाट आवरत होती आणि आपल्याच नादात गुणगुणत होती, इतक्या हळू की लाकडापलीकडे पोचत नव्हते. मला ऐकू येत होते, पण मला सांगता येत नव्हते. बाहेर आईचा हात वर आला. तळवा दारावर टेकला. एक धक्का, आणि छोटे स्क्रू निघाले असते. मी जीव मुठीत धरून बसले. आईचा हात तसाच राहिला, राहिला, आणि मग तो खाली आला. तिने आपला तळवा तोंडावर दाबून धरला आणि वाट पाहिली.

टक.

लगेच लेकीने मला मागे ओढून दार उघडले.

"आई, इथेच उभी होतीस?"

"नाही गं, झाडत होते."

"झाडू कुठाय?"

आईने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिले. मग दोघी दाराच्या चौकटीतच बसून हसत सुटल्या. बाबा आतून "काय झालं, काय झालं" करत आले तरी त्यांना थांबता येईना.

मित्रांनो, काळजी संपली असे मी म्हणणार नाही. मी कडी आहे, खोटा दिलासा देणे माझ्या स्वभावात नाही. वाईट दिवस अजून येतात. एखाद्या दिवशी लेक स्वतःच म्हणते, "आज दार उघडं ठेवते," आणि मी बाजूला सरकून बसते. तुमच्या घरात कोणाचे मन आजारी पडले आणि कडी काढायची वेळ आली, तर काढा. त्यात लाज नाही. पण ती हरवली म्हणू नका. आपल्यासारखीच कडी काढलेली माणसे शोधा आणि त्यांच्यात जाऊन बसा. आणि ती कडी फेकू नका. आज ना उद्या ती परत लावायची असते.

आज शनिवार आहे. लेक निघायच्या तयारीत आहे. जाताना तिने बाबांचा मोठा स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

"तो कशाला गं?" आईने विचारले.

"गप्पूचं दार अजून कॉटखालीच आहे," लेक म्हणाली. "त्याच्या डॉक्टरांनी परवा हो म्हटलंय. बिजागऱ्या आहेत का, ते विचारते."